मुलांच्या वाढदिवसाचा खर्च हाताबाहेर जातो तो इथे: या चुका टाळा

माझ्या मुलाचा तिसरा वाढदिवस आम्ही पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका हॉलमध्ये केला. बजेट २५ हजारांचं होतं, शेवटी हिशोब केला तर ४२ हजारांच्या वर गेलेलं. एखाद्या मोठ्या गोष्टीवर उधळपट्टी केली असंही नाही, थोडं इथे थोडं तिथे करत आकडा फुगला, आणि जास्त वाईट याचं वाटलं की केक कापायच्या वेळेला पोरगं माझ्या खांद्यावर गाढ झोपलेलं होतं. त्याच्या पुढचे तीन वाढदिवस आम्ही वेगळ्या पद्धतीने केले, ते निभावले पण आणि पोराला आवडले पण, म्हणून हे लिहितेय.

आधी हॉल, मग माणसं: सगळ्यात महागडी चूक

बहुतेक घरात उलटं होतं, आधी हॉल आवडतो, बुकिंग होतं, आणि मग किती जणांना बोलवायचं ते बघू म्हणतात. आमचं तेच झालं. आम्ही ४० माणसं धरली होती, ४५० रुपये प्लेट, म्हणजे १८ हजार, आणि उरलेले ७ हजार बाकीच्याला. पैसे भरल्यावर पावती नीट वाचली तर खाली लिहिलेलं, मिनिमम गॅरंटी ६० प्लेट. म्हणजे ६० माणसं येवोत न येवोत, पैसे ६० चेच. आली ३८. न जेवलेल्या २२ प्लेटांचे ९,९०० रुपये गेले, वर टॅक्स वेगळा.

म्हणून अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी एवढं विचारून घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा: गॅरंटी किती प्लेटची, फायनल काउंट किती दिवस आधी द्यायचा, पाच वर्षांखालच्या मुलांची प्लेट पूर्ण धरणार की अर्धी की नाहीच, रेट टॅक्स धरून आहे की नंतर लावणार, आणि हॉल नक्की किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आपला. ही शेवटची गोष्ट फार जण विचारत नाहीत. आम्हाला हॉल ताब्यात मिळाला सात वाजता, फुगेवाल्याचं काम आठला संपलं, मग पुढे तासभर जास्त थांबावं लागलं त्याचे २ हजार वेगळे गेले. हॉटेलात करणार असाल तर बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय का बघा, तो आपोआप लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पण ते उचलून धरलं, त्यामुळे शांतपणे काढायला सांगा.

आणि माणसांची यादी करताना एकच प्रश्न, पार्टी कोणासाठी आहे. तीन वर्षांच्या मुलाला ऑफिसमधली माणसं ओळखीची नसतात हो. त्याचे दोस्त, त्यांचे आईबाबा, घरातले, बस. नातेवाईक रागावतील ही भीती मला पण होती, तर आता आम्ही असं करतो की तिथीला किंवा त्याच दिवशी सकाळी घरी औक्षण, आजी निरांजन, सुपारी, अंगठी घेऊन ओवाळते, काका-आत्या-मावशी सगळे येतात, श्रीखंड-पुरी किंवा साधा शिरा होतो. मोठ्यांचा मान तिथे राहतो आणि संध्याकाळ मुलांची राहते. कोणी रागावलं नाही, उलट सासूबाईंनाच हे जास्त आवडलं.

वेळ रात्रीची ठेवली की जेवण द्यावंच लागतं

आमंत्रणावर साडेसात लिहिलं की लोक साडेआठला येतात, केक नऊला, जेवण साडेनऊला, आणि लहान मुलं तोपर्यंत पेंगतात नाहीतर किरकिर करतात. संध्याकाळी पाच ते सात ठेवा. मग पूर्ण जेवणाची गरजच नसते, नाश्त्यावर भागतं. बटाटेवडा, इडली-चटणी, वेफर्स, एखादा गुलाबजाम आणि सरबत, आपण सगळे याच्यावर तर मोठे झालो आणि मुलं अजूनही हेच आवडीने खातात. मागच्या वर्षी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ३५ जणांसाठी वडे आणि इडल्या ओळखीच्या काकूंकडून करून घेतल्या, माणशी १२० रुपयांत सगळं बसलं. म्हणजे ४,२०० रुपये, हॉलमध्ये जेवणालाच टॅक्स धरून २८ हजारांच्या वर गेले होते.

केक: किलो कमी करा

वाढदिवसाच्या गडबडीत दुकानदार म्हणतो तीन किलो लागेल आणि आपण हो म्हणतो. साधा हिशोब धरा, अर्ध्या किलोत पाच-सहा मोठे तुकडे होतात, पण पार्टीत सोबत बाकीचं खायला असतं तेव्हा ५० ग्रॅमचा तुकडा पुरतो, म्हणजे ४० जणांना दोन किलो. लहान मुलं तर वरचं क्रीम चाटतात आणि खालचा केक प्लेटमध्ये सोडतात. आमचा तो तीन किलोचा फॉन्डंटचा केक होता, वर साखरेची जाड चादर आणि त्याच्यावर डायनासोर, ३,६०० रुपयांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर डायनासोरचं शेपूट तुटलेलं आणि अर्धा केक तसाच, खाल्ला कोणीच नाही कारण ती चादर फार गोड लागते. आता कापायला एक किलोचा डिझाइनवाला घेतो आणि वाटायला त्याच दुकानातला त्याच चवीचा साधा एक किलो, तो आतमध्येच कापून आणायचा. फोटोत काही फरक दिसत नाही. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून केकवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय, जुन्याच दराने बिल करत असतील तर विचारा.

नाव चुकून आलं किंवा वाटेत केक बिघडला तर घाबरू नका, पातळ चाकू गरम पाण्यात बुडवून पुसा आणि क्रीम सपाट करा, वर जेम्सच्या गोळ्या लावा. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला हेच केलं आणि मुलांना तोच केक भारी वाटला.

सजावट आणि करमणूक

इथे मला कळकळीने एक सांगायचंय. स्वस्त पडतात म्हणून हायड्रोजनचे फुगे घेऊ नका, तो गॅस पेट घेतो, आणि आपण बरोबर मेणबत्तीच्या शेजारीच फुगे बांधतो. ते फोमचे स्प्रे पण तसेच, मेणबत्ती पेटलेली असताना तर अजिबात नको. साधे हवेचे फुगे, हातपंप, दोन चुलतभाऊ, तासाभरात भिंत भरते. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला पार्टीचं सगळं सामान होलसेलमध्ये मिळतं, मात्र शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत हवं ते सापडत नाही. थर्माकोलची सजावट, प्लास्टिकच्या प्लेटी, ग्लास, चमचे, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणलंत तर क्लबहाऊसवाले लावू देणार नाहीत आणि पैसे वाया.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी कार्टूनच्या पोशाखातला माणूस बोलवू नका. ती मोठी डोकी बघून मुलं घाबरतात. भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला तो आला आणि ती आईच्या गळ्याला जी चिकटली ती त्याला दाराबाहेर उभं करेपर्यंत सुटली नाही, अडीच हजार रुपये दिले होते त्याला. त्यापेक्षा पासिंग द पार्सल, स्टॅच्यू, संगीत खुर्ची घ्या, खेळ घ्यायला एक उत्साही मावशी पुरते.

रिटर्न गिफ्ट कमी पडणं

हा प्रत्येक पार्टीतला गोंधळ. २० मुलांना बोलावलं की बरोबर त्यांची धाकटी भावंडं येतात आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. म्हणून चार-पाच जास्तच आणा, पण सगळ्यांना एकसारखं, म्हणजे रडारड नाही. डझनाच्या भावात घ्या. मी आता अप्पा बळवंत चौकातून चित्रांची पुस्तकं आणते, नॅशनल बुक ट्रस्टची, ज्योत्स्ना प्रकाशनची, मराठीत फार सुंदर आहेत आणि खिशाला झेपतात. तीन वर्षांखालची मुलं असतील तर बारीक सुटे भाग असलेली खेळणी नकोच, ती तोंडात जातात.

आता समजा खर्च आधीच वाढलाय आणि पार्टी चार दिवसांवर आहे, तर काय? सगळ्यात आधी प्लेटचा काउंट खाली आणता येतो का विचारा, फायनल आकडा द्यायची तारीख गेली नसेल तर ९० टक्के काम तिथेच होतं. ती गेली असेल तर गॅरंटीपेक्षा कमी पडणाऱ्या प्लेटांचं जेवण पॅक करून द्याल का विचारा, आपण पैसे भरलेत, मागायला लाजू नका, घरून डबे घेऊन जा. तेही नाही म्हणाले तर सजावटीतली स्टेजमागची फुलं काढून टाका, फोटो केकजवळच निघतात.

आणि क्लबहाऊस असो की हॉल, आत शिरल्या शिरल्या भिंती, खुर्च्या, फरशी यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि निघताना परत काढा. चिकटपट्टीने रंग निघाला, खुर्ची आधीच मोडलेली होती, या वादात डिपॉझिट अडकतं, फोटो दाखवले की आमचे २ हजार लगेच परत मिळाले.