पहिल्या पुस्तकावर सह्या देण्याचा कार्यक्रम दुकानात ठेवताय?

तारीख ठरवायच्या आधी दुकानदाराला विचारा की त्यांच्याकडे गर्दी कधी असते, कारण पुण्यात अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये शाळेच्या वह्यापुस्तकांची झुंबड असते आणि गणपतीत तर तिथे पोचणंच अवघड, त्यात तुमच्या कवितासंग्रहाकडे कोण बघणार. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा २३ एप्रिलचा पुस्तक दिन, यांच्या आसपासचा रविवार बघा, पण दुकान रविवारी उघडं असतं ना तेही विचारून घ्या (बरीच नसतात!). प्रती कोण आणणार, प्रकाशक की तुम्ही, आणि उरलेल्या परत कोण नेणार हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच घ्या, तोंडी नको. विक्रीतल्या दुकानाच्या कमिशनचंही तसंच.

पेन मात्र आधी त्याच पुस्तकाच्या पानावर चालवून बघा, गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई पसरते आणि पान मिटलं की समोरच्या पानावर उमटते. नाव विचारून, शक्यतो चिठ्ठीवर लिहून घेऊनच सही करा, स्मिता ऱ्हस्व की दीर्घ यावरून लोक खरंच नाराज होतात. आणि नातेवाईकांना सगळ्यांना एकदम बोलवू नका, अर्ध्या अर्ध्या तासाने बोलवा, म्हणजे टेबल कधी रिकामं दिसत नाही.