गणपतीला गावी निघताय? आधी दाराकडे बघा

गणपती जवळ आले की मुंबई, ठाणं, पुणं इथल्या कितीतरी बिल्डिंगा अर्ध्या रिकाम्या होतात आणि हे चोरांनाही आपल्याइतकंच पाठ असतं. गाडीचं तिकीट आपण 60 दिवस आधी काढतो पण दाराचं मात्र निघायच्या रात्री बॅगा भरून झाल्यावर आठवतं, तेव्हा ना सुतार मिळत ना फॅब्रिकेशनवाला. म्हणून निदान पंधरा दिवस आधी सुरू करा.

पहिलं काम कोयंड्याचं. पेपरातल्या घरफोडीच्या बातम्या वाचा, 'कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला' हे वाक्य हमखास सापडतं. लोक भारीतलं कुलूप आणतात आणि ते अडकवतात चार बारक्या स्क्रूवर टेकलेल्या कोयंड्यात, चौकट त्यात जुनी, वाळवी लागलेली, मग कटावणी घातली की कोयंडा स्क्रूसकट बाहेर आणि कुलूप बिचारं शाबूत. तेव्हा कुलपावर पैसे घालायच्या आधी कोयंडा आरपार नट-बोल्टने बसवून घ्या, नट आतल्या बाजूला. त्याहून बरं म्हणजे दारातच बसणारं लॉक, कारण बाहेर लोंबणारं कुलूप जिन्यावरूनच ओरडून सांगतं की घरात कोणी नाही. लॅच असेल तर नुसतं ओढून निघू नका, चावी पूर्ण फिरवा. सेफ्टी डोअर असेल तर त्याचंही लॉक लावा, बहुतेकांचं नुसतं लोटलेलं असतं.

आता एक गोष्ट जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, शेजाऱ्यांच्या दाराची बाहेरची कडी. एक फ्लॅट फोडायच्या आधी मजल्यावरच्या बाकीच्या दारांना बाहेरून कड्या घालायच्या ही जुनी पद्धत आहे, म्हणजे आवाज आला तरी कोणाला बाहेर येता येत नाही. जे घरी राहणार आहेत त्यांनी ती बाहेरची कडी काढूनच टाकावी, दारातच लॉक असेल तर तिचा तसाही काही उपयोग नसतो.

मग बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या, त्या एकेक करून निघतात आणि शेजारूनच ड्रेनेजचा पाइप गेलेला असतो. आतून ग्रिल बसवा. गॅलरीच्या स्लायडिंगला खालच्या ट्रॅकमध्ये मापाची काठी आडवी टाका, फुकटातलं काम. गच्चीच्या दाराचं कुलूप सोसायटीकडून तपासून घ्या.

चावी कुंडीखाली, चपलांच्या रॅकमध्ये, मीटर बॉक्समध्ये ठेवायची नाही म्हणजे नाही, त्या जागा सगळ्या जगाला माहीत आहेत. तसंच गोदरेजच्या कपाटाची चावी कपाटावरच्या डब्यातही ठेवू नका.

घर बंद आहे हे दिसू न देणं हे कुलपाइतकंच महत्त्वाचं. दूध आणि पेपर बंद करा, पार्सल मागवू नका. एक लाइट चालू ठेवून जाऊ नका, भर दुपारी जळणारा बल्ब म्हणजे पाटीच लावली की दारावर, त्यापेक्षा टायमर प्लग घ्या, संध्याकाळी लागेल रात्री विझेल. शेजारच्या काकूंना सांगा दारासमोर झाडून घ्या, जमलं तर रांगोळी काढा, आणि येताना त्यांना खाजं आणायला विसरू नका. आणि कृपा करून गाडीत बसल्या बसल्या 'चलो कोकण' असं स्टेटस टाकू नका, आरतीचे फोटो परत आल्यावर टाकले तरी बाप्पा रागावत नाही. हे मुलांनाही सांगा, ती जास्त टाकतात.

सोनं घरात ठेवू नका आणि सगळं अंगावर घालून एसटी स्टँडच्या गर्दीतही जाऊ नका. लॉकर बरा, पण एक लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच, म्हणजे भाडं 3,000 असेल तर 3 लाख. रोकड लॉकरमध्ये ठेवायला परवानगी नाही. दागिन्यांचे फोटो, पावत्या, हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला अक्षर-आकड्यांचा कोड), लॅपटॉपचा सिरीयल नंबर, मोबाईलचा आयएमईआय (*#06# दाबलं की दिसतो) हे सगळं घराबाहेर कुठेतरी, मेलवर वगैरे ठेवा. विमा असेल तर पॉलिसीत बघा घर किती दिवस बंद राहिलेलं चालतं आणि तोडफोडीची खूण नसेल तर क्लेम मिळतो का.

कॅमेरा लावलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. चोर डीव्हीआरच, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबाच, उचलून नेतात कारण तो नेहमी टीव्हीखाली नाहीतर काउंटरखाली असतो. तो माळ्यावर लपवा, रेकॉर्डिंगची कॉपी क्लाउडवर जाऊ द्या, वेळ बरोबर दाखवतोय का ते तपासा, आणि वाय-फायचा राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

दुकानवाल्यांचं शटर मधोमध उचकटतात, दोन्ही बाजूंची कुलपं तशीच राहतात, म्हणून सेंट्रल लॉक हवंच. वर पत्रा असेल तर आतून जाळी मारा. गल्ला रिकामा करून उघडाच ठेवा, फोडायचा त्रास तरी वाचेल. कामगारांच्या आधारची कॉपी आणि फोटो, भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन ही कामं सणाआधीच उरका. चौकीत पण सांगून ठेवा किती दिवस बंद आहे, गस्तीवाले फेरी मारतात.

आणि इतकं करूनही परत आल्यावर दार फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, चोर आत असू शकतो आणि ठसे पण पुसले जातात. 112 ला फोन करा, पंचनामा होईपर्यंत कपाटाला हात लावू नका, आवराआवर तर बिलकूल नाही. तक्रार ऑनलाइन दिली असेल तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. घाबरलेल्या डोक्याने दिलेल्या यादीत काहीतरी राहतंच, ते नंतर पुरवणी जबाबात घालता येतं, त्यासाठी मेलवरचे फोटो उघडून एकेक वस्तू ताडून बघा.