ई-रोडबाईकच्या असिस्ट लेव्हल: या चुका टाळा

पुण्यात रविवारच्या राईडला आता ई-रोडबाईकही दिसू लागल्या आहेत. बारीक टायर, ड्रॉप हँडल, बॅटरी फ्रेमच्या नळीत लपवलेली, लांबून साधी रोडबाईकच वाटावी अशी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, बायपास झालेली, पन्नाशीनंतर सायकल सोडून दिलेली माणसं या सायकलींवर परत सिंहगड चढताना दिसतात, तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो. माणूस लाखांची सायकल घेतो, पहिल्याच दिवशी बटण दाबत असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, सगळ्यांत वरच्या लेव्हलवर, तीनवर नेतो आणि सहा महिने तो तिथून खाली आणत नाही. मग म्हणतो, बॅटरी पुरत नाही, मोटरमध्ये काहीतरी फॉल्ट आहे.

फॉल्ट बहुतेक वेळा मोटरमध्ये नसतो.

लेव्हल म्हणजे वेग, असं समजणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. स्कूटर चालवायची सवय असलेल्याला वाटतं, एक म्हणजे हळू आणि तीन म्हणजे जोरात. टॉर्क सेन्सर असलेल्या सायकलीत तसं नसतं. तुम्ही पेडलवर किती जोर लावताय हे सेन्सर मोजतो आणि मोटर त्या जोराच्या ठरावीक प्रमाणात भर घालते. समजा एक नंबरवर हे प्रमाण निम्मं आहे, दोनवर बरोबरीचं आणि तीनवर दुप्पट. तुम्ही १०० वॉट लावले तर मोटर अनुक्रमे ५०, १०० आणि २०० देईल. कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, तत्त्व तेच. पाय थांबले की मोटर थांबते.

या सगळ्याला वरून एक छत असतं. मोटरची कमाल ताकद ठरलेली असते, समजा २५० वॉट. तुम्ही २३० वॉट लावताय आणि लेव्हल तीनवर आहे, तर हिशोबाने ४६० यायला हवेत, पण मिळतात २५०च; दोनवरही २३० मिळालेच असते. म्हणजे जो मुळात दणकून पेडल मारतो, त्याला दोन आणि तीनमध्ये फारसा फरक जाणवणारच नाही. 'तीन नंबर काम करत नाही' ही तक्रार मी दर महिन्याला ऐकतो. तीन नंबर काम करतोय, छताला लागलाय एवढंच.

आता चढाचा हिशोब बघा. डोणज्याच्या बाजूने सिंहगड साधारण नऊ किलोमीटर आहे आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास. सायकल धरून एकूण वजन ९० किलो, चढ सात टक्के, वेग ताशी १० किलोमीटर, तर साधारण १८५ वॉट लागतात. रोजच्या कामधंद्यातून वेळ काढून सायकल चालवणाऱ्याला इतके वॉट तासभर टिकवणं जड जातं. एक नंबरवर त्यातले ६० मोटर देते आणि १२५ तुमच्याकडे उरतात. घाम येतो, पण दम तुटत नाही. वर पोचेपर्यंत बॅटरीतले सत्तरेक वॉट-तास (बॅटरीतली वीज मोजायचं माप) खर्च होतात. तेच तीन नंबरवर, आपले १०० आणि मोटरचे २०० लावून गेलात, तर वीसेक मिनिटं आधी पोचाल आणि दीडशेच्या आसपास वॉट-तास उडवाल. रोडबाईकच्या बॅटऱ्या लहान असतात, अनेकींमध्ये २५० वॉट-तासांच्या आसपासच. म्हणजे एका चढात निम्म्याहून जास्त बॅटरी गेली.

माझं म्हणणं ठाम आहे: ज्याला एक नंबरवर सिंहगड चढता येत नाही, त्याने तीनवर चढू नये. आधी खडकवासल्यापर्यंतच्या चकरा वाढवाव्यात.

सगळी बॅटरी सपाटीवर उधळणं

पुणे ते पाचगणी ही आमची हिवाळ्यातली नेहमीची राईड. स्वारगेटहून पहाटे निघायचं, कात्रजचा जुना बोगदा, मग खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाट्याला आत वळून वाई आणि शेवटी पसरणीचा घाट. साधारण शंभर किलोमीटर, आणि सगळ्यांत मोठा चढ अगदी शेवटी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आमचा एक डेंटिस्ट मित्र, वय बावन्न, नव्या कोऱ्या ई-रोडबाईकवर पहिल्यांदाच आला होता. कात्रजला तो आमच्या आधी बोगद्यापाशी पोचला आणि आम्ही वर येईपर्यंत सगळ्यांचे फोटो काढले. चेहऱ्यावरचा आनंद बघून मला काही बोलवलं नाही, आणि ती चूक माझी. हायवेला समोरून वारा होता. तो बरोबर २३-२४च्या वेगावर राहिला, म्हणजे मोटर सुटणार नाही अशा बेताने (ताशी २५ला ती मदत थांबवते, ते पुढे येतंच), आणि तेही तीन नंबरवर. शिरवळला आम्ही मिसळ खाल्ली. चार्जर कुठे आहे म्हटलं, तर घरी. खंबाटकी चढून गेल्यावर बॅटरीचा दिवा लाल झाला, सुरूरला लुकलुकायला लागला आणि वाईत शिरता शिरता विझला.

वाईत मी म्हटलं, 'डॉक्टर, सायकल टेम्पोत टाकू या.' ते म्हणाले, 'इथवर आलोय, आता चढतोच.' पसरणीचा घाट दहा-बारा किलोमीटरचा. चौदा किलोची सायकल, मोटर मेलेली, पायांना दिवसभर अर्धंच काम करायची सवय लागलेली. मध्यावर कठड्याशी थांबले तेव्हा दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. बूट काढून बसले. ओआरएसची पुडी फाडायला गेले तर बोटं इतकी थरथरत होती की कोपरा चिमटीत धरता येईना. मी दाताने फाडून बाटलीत घातली. पुढे एका जीपवाल्याने वर नेलं.

घरी आल्यावर त्यांचा फोन आला: 'जास्तीची बॅटरी मिळते म्हणे बाटलीच्या जागेवर लावायची, घेऊ का?' मी नको म्हटलं. दुखणं बॅटरीच्या आकाराचं नव्हतंच. मोटरचा खरा फायदा वेग कमी आणि जोर जास्त लागतो तिथे, म्हणजे घाटात. सपाटीवर चार जणांच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने चाललेल्या माणसाला मोटरची गरज काय?

तेव्हापासून मी एक करतो आणि डॉक्टरांनाही करायला लावलं. हँडलच्या स्टेमवर पांढरी कागदी चिकटपट्टी लावायची आणि बॉलपेनने लिहायचं: बोगदा ८५, शिरवळ ८०, खंबाटकी ७०, वाई ६५. त्या त्या ठिकाणी बॅटरी किमान इतके टक्के शिल्लक हवी. कमी दिसली की पुढच्या टप्प्यापर्यंत असिस्ट बंद. कुणी म्हणेल ॲप हे काम करतं. करत असेल. पण उन्हात, घामेजल्या बोटांनी, हायवेवर फोन चाचपण्यापेक्षा मला चिकटपट्टी बरी वाटते. महिन्याभराने आम्ही परत गेलो. तीच सायकल, तीच बॅटरी. कात्रज आणि खंबाटकी एक नंबरवर, हायवेवर असिस्ट बंद ठेवून, पसरणी दोनवर. पाचगणीत चहा घेताना डॉक्टरांनी मला आकडा दाखवला: २६ टक्के.

'मध्येच मोटर बंद पडते'

बंद पडत नाही, सुटते. युरोपातल्या नियमाप्रमाणे बनलेल्या सायकलीत ताशी २५ किलोमीटरला असिस्ट थांबतो. आपल्याकडेही ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची आणि २५च्या आतल्या वेगाची बॅटरीवरची सायकल मोटार वाहनात धरत नाहीत, म्हणून लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. त्यामुळे तुम्ही ग्रुपबरोबर ३०ने चालला असाल तर लेव्हल एक असो की तीन, मोटर काहीच करत नसते. पंचविशीच्या सीमेवर राहिलात तर ती सारखी लागते आणि सुटते, आणि त्या हिसक्यांनाच लोक बिघाड समजतात. एक तर २३वर निवांत राहा, नाहीतर असिस्ट बंद करून २८ने जा.

ही मर्यादा काढून टाकणारी चिप मिळते. बसवू नका. सायकल कायद्याने मोटार वाहन होते, वॉरंटी जाते, आणि अपघात झाला तर तुमच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही. ज्याला चाळीसचा वेग हवा, त्याने हेल्मेट आणि लायसन्स घेऊन स्कूटर चालवावी.

जड गिअर आणि वर तीन नंबर

हे बघवत नाही. माणूस घाटात मोठ्या गिअरवर पन्नासच्या केडन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलचे पन्नास फेरे, पेडल दाबत चाललेला असतो, खांदे दर फेरीला डावी-उजवीकडे झुकत असतात, आणि गिअर हलका कर म्हटलं की उत्तर येतं, 'मोटर आहे ना!' मोटर आहे, म्हणूनच गिअर जास्त जपून वापरायला हवेत.

मधल्या क्रँकवर, म्हणजे पेडल जिथे जोडलेले असतात तिथे, मोटर असेल तर तिची सगळी ताकद चेनवरून जाते. तुमचे १५० आणि तिचे २०० अशा ताणाखाली गिअर बदलला की कडाड्कन आवाज येतो. तो आवाज म्हणजे चेन आणि कॅसेटचं (मागच्या दातेरी चकत्यांचं) आयुष्य कमी होणं. गिअर बदलायच्या आधी अर्धा फेरा पाय सैल सोडायचा, गिअर बसू द्यायचा, मग जोर लावायचा. आणि वळणाच्या आधी बदलायचा, चढ अंगावर आल्यावर नाही.

मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, मोटर असेल तर गोष्ट वेगळी. तुमचे गिअर त्या मोटरच्या उपयोगाचे नाहीत, ती चाकाच्या वेगाशी बांधलेली. चाक फार हळू फिरलं की तिची कार्यक्षमता घसरते आणि वीज कामाऐवजी उष्णतेत जाते. फार तापली की ती स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर 'अचानक दम गेला' म्हणणाऱ्या एकाच्या हबला मी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. एका दुकानाने त्याला कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, बदलायला सांगितला होता. मी त्याला छोट्या गिअरवर, ऐंशीच्या केडन्सने, दोन नंबरवर चढायला लावलं आणि खर्च वाचला. ऐंशीला आपण स्वतः जास्त वॉट देतो, चाक जरा जोरात फिरतं आणि हब थंड राहतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या

सायकल चालू करताना एक पाय पेडलवर दाबून उभं राहू नका. अनेक टॉर्क सेन्सर चालू होताना तेव्हाचा दाब शून्य धरतात, आणि मग सगळ्या राईडभर असिस्ट कमी मिळतो. असं झालंय वाटलं तर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बंद करा आणि परत चालू करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

काही सायकलींत एकच दिवा बॅटरीही दाखवतो आणि लेव्हलही. हिरवा दिसला म्हणजे एक नंबर, असं धरून चालू नका. तुमच्या सायकलीचं पुस्तक एकदा बसून वाचा. अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कुणी देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पंक्चर काढून चाक परत बसवल्यावर असिस्ट गायब झाला, तर आधी चाक खाचेत नीट बसलंय का बघा, मग स्पीड सेन्सरसमोरचं मॅग्नेट सरकलंय का, मग हबच्या वायरचा कनेक्टर. दुकान त्यानंतर.

उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरी हाताला गार लागू द्या. पावसाळ्यात महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास ठेवा. आणि धुताना प्रेशरचा पाइप मोटरवर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ॲपमधून लेव्हल बदलता येत असतील तर पहिल्या महिन्यात हात लावू नका. नंतर लावलात तर मी करतो ते करून बघा: एक नंबर आहे त्याहून खाली आणा. माझा एक नंबर तीस टक्क्यांवर आहे. वाऱ्याविरुद्ध आणि उड्डाणपुलांवर तेवढा पुरतो. तीन नंबर मी वर्षभरात दोनदा वापरला, दोन्ही वेळा दुसऱ्याची पिशवी पाठीवर घेऊन चढताना.