गर्भनिरोधक गोळ्या: विमा नाही, पण सरकारी केंद्र आहे

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘काय मिळणार नाही’ ते पान उघडा. ‘एक्सक्लूजन १७’ या कोडखाली वंध्यत्वाच्या उपचारांसोबत गर्भनिरोधनही वगळलेलं दिसेल. त्यामुळे गोळ्यांची बिलं जपून ठेवून क्लेमची वाट बघू नका.

त्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना विचारा. तिथे ‘माला-एन’ ही हार्मोनची गर्भनिरोधक गोळी मोफत मिळते: पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या शेवटच्या ७ लोहाच्या. त्याही खाऊन टाका, म्हणजे रोजची सवय मोडत नाही. हार्मोन नको असतील तर ‘छाया’ ही बिनहार्मोनची गोळी मागा. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. बीपी, मायग्रेन असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधी सांगाच. विचारायला अजिबात लाजू नका, बायांनो!