ऋतू बदलताना आहार कसा बदलावा

आयुर्वेदानुसार पावसाळ्यात जठराग्नी (पचनशक्ती) मंद होतो, वात वाढतो आणि पित्त साठू लागते. हेच साठलेले पित्त आश्विन-कार्तिकातील कडक उन्हाने, म्हणजे आपल्या ‘ऑक्टोबर हीट’मध्ये, प्रकुपित होते, म्हणजे भडकते. म्हणून वर्षा ऋतूत जुने धान्य, मुगाचे कढण, उकळलेले पाणी आणि थोडे आंबट-खारट, स्निग्ध अन्न घ्यावे, तर शरदात गोड, कडू व तुरट रसांकडे वळावे. पडवळ, मूग, आवळा व तूप यांवर भर देऊन दही, तळलेले पदार्थ आणि दुपारची झोप टाळावी.

मात्र हा बदल एका दिवसात करू नये, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात. प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटाने सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी मानला आहे. या काळात जुनी सवय क्रमाक्रमाने सोडून नवी लावावी. आधीचे जेवण पचल्याची खूण, म्हणजे शुद्ध ढेकर, अंगाचा हलकेपणा आणि खरी भूक, दिसल्याशिवाय पुढचे जेवण घेऊ नये. मधुमेह किंवा चालू औषधे असल्यास आधी वैद्यांना व आपल्या डॉक्टरांना विचारावे.