हार्मोनिकावर सूर वाकवताना नेमके काय घडते

ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारासाठी वापरल्या जाणाऱ्या दहा छिद्रांच्या हार्मोनिकात (माऊथ ऑर्गनमध्ये) सगळे सूर बसवलेले नसतात. सी पट्टीच्या वाद्यात बी फ्लॅट आणि डी फ्लॅट (म्हणजे बी आणि डी यांच्या लगेच खालचे सूर) हे कुठल्याही छिद्रातून सरळ निघत नाहीत. ते उपलब्ध सूर खाली उतरवून मिळवावे लागतात, आणि यालाच सूर वाकवणे किंवा बेंडिंग म्हणतात.

प्रत्येक छिद्रात दोन रीड, म्हणजे हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पातळ जिभा, असतात, एक फुंकल्यावर वाजणारी आणि दुसरी श्वास आत ओढल्यावर वाजणारी. त्यांपैकी ज्या रीडचा सूर उंच, तोच वाकतो, आणि तोही खालच्या सुराच्या एक अर्धस्वर (लगतच्या दोन सुरांमधले सर्वांत लहान अंतर) वर येईपर्यंतच. म्हणून 1 ते 6 या छिद्रांत ओढलेले सूर वाकतात, तर 8 ते 10 मध्ये फुंकलेले. पाचव्या आणि सातव्या छिद्रांतील दोन सुरांमध्ये मुळात एकाच अर्धस्वराचे अंतर असल्याने तिथे सूर किंचित हलतो, एवढेच. याउलट तिसऱ्या छिद्रात जी आणि बी यांच्यामध्ये तीन सूर दडलेले असतात. वाकवताना उंच रीडचे कंपन मंदावत जाते आणि एरवी त्या श्वासाला गप्प राहणारी खालची रीड बोलू लागते. म्हणजे बेंड हे दोन्ही रीडचे मिळून केलेले काम आहे.

हा बदल घडतो तो तोंडातील पोकळीचा आकार बदलल्यामुळे. जोराने श्वास ओढून सूर वाकवण्याचा प्रयत्न बहुतेक नवशिके करतात, पण त्यातून रीड घुसमटते किंवा तिचे आयुष्य कमी होते, सूर मात्र जागेवरून फारसा हलत नाही. वाद्य बाजूला ठेवून श्वास आत घेत शीळ घालावी आणि तिचा सूर हळूहळू उतरवावा: ओठ जवळजवळ स्थिर राहतात आणि जीभ मागे सरकते. तीच हालचाल इथे हवी असते.

सुरुवात चौथ्या छिद्रापासून करणे मला सोयीचे वाटते. आधी शेजारच्या छिद्राचा आवाज न मिसळता एकच सूर स्वच्छ ओढावा, मग मनातल्या मनात ‘ई’ वरून ‘ऊ’ कडे जात जीभ मागे न्यावी. दुसऱ्या छिद्रासाठी पोकळी आणखी मोठी लागते, सहाव्यासाठी लहान, आणि वरच्या छिद्रांतील फुंकलेल्या बेंडसाठी तर जीभ दातांच्या अगदी मागे आणावी लागते.

सी पट्टीच्या वाद्यावर ब्लूज सहसा जी मध्ये, म्हणजे जी ला षड्ज मानून, वाजवतात. तिथे तिसऱ्या छिद्राचा बी फ्लॅट हा कोमल गंधार होतो, परंतु ब्लूजचा खरा गंधार त्याच्या आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी असतो. त्यामुळे ट्यूनर (सूर नेमका कुठे लागला ते दाखवणारे यंत्र) समोर ठेवून आधी नेमका बी फ्लॅट चार मात्रा न डगमगता धरता यावा, मगच त्याच्या थोडे वर थांबण्याचा सराव करावा.