हिमोग्लोबिन वाढवायचंय? आधी जेवणानंतरचा चहा सोडा

माझं हिमोग्लोबिन ९.४ आलं (बायकांना निदान १२ तरी हवं) तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, बीट खा, डाळिंब खा. महिनाभर बीटाची कोशिंबीर खाऊन वैताग आला आणि रिपोर्ट जवळपास तिथेच. नंतर कळलं की १०० ग्रॅम बीटात लोह जेमतेम १ मिलीग्रॅम आणि बाईला दिवसाला लागतं २९, म्हणजे नुसत्या लाल रंगावर जाऊ नका! डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सहज विचारलं, जेवल्यावर चहा घेता का? घेते म्हणजे काय, आमच्याकडे ताटं उचलायच्या आत आधण चढलेलं असतं.

तर पहिलं काम तेच. चहा-कॉफीतलं टॅनिन जेवणातल्या लोहाला धरून ठेवतं, मग ते अंगी कमी लागतं. डाळी-भाज्यांमधलं लोह तसंही मटण-माशांपेक्षा कमी शोषलं जातं, त्यात वर चहा. जेवणाआधी आणि नंतर एकेक तास चहा नको, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ मध्ये सांगितलंय. चहा सोडायचा नाहीये हो, फक्त सरकवायचा. मी दुपारचा चारला नेला, पहिले आठ दिवस डोकं दुखलं, मग सवय झाली.

दुसरं लिंबू. क जीवनसत्त्व असलं की तेच लोह जास्त शोषलं जातं. पण उकळत्या आमटीत पिळू नका, उष्णतेने ते कमी होतं, ताटात वाढून झालं की वरून पिळा. लिंबू महाग असेल तेव्हा पेरूच्या दोन फोडी किंवा किसलेला आवळा, काहीही चालेल.

तिसरं म्हणजे मोड. कडधान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला अडवतं, भिजवून मोड आणले की ते बरंच कमी होतं. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून पंच्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवा, खाली ताटली, वर झाकण. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत मात्र हट्ट करते, मग मी गाठोडं सरळ गव्हाच्या डब्यात खुपसते. चिकट झाली किंवा वास आला तर टाकून द्या, जीव अडकवू नका.

आणि माळ्यावरची लोखंडी कढई काढा! आंबट पदार्थात लोखंड जास्त उतरतं, त्यामुळे टोमॅटोची भाजी, चिंच घातलेलं अळू यात करायचं, पण झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडतं आणि चव उतरते (आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं). घासली की पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज धरते.

आता गोळ्यांचं. हे सगळं करताय म्हणून डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करायची नाही, हिमोग्लोबिन ९-१० च्या आसपास असेल तर नुसत्या जेवणाने भागत नाही. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती आणि लोहाची एकदम घेऊ नका, एक सकाळी एक रात्री. शौचाला काळी होते, घाबरू नका, गोळीमुळेच होतं ते. पाळीत खूप रक्त जात असेल तर मात्र आधी ते दाखवा, कारण खाली भोक असलेल्या हंड्यात कितीही पाणी ओतलं तरी काय उपयोग. माझं तीन महिन्यांनी ११.३ आलं, गोळ्या अजून चालू आहेत.